पाण्यात पडलेला मोबाईल: काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

मोबाईल पाण्यातून काढल्यावर जवळजवळ प्रत्येक जण आधी बटण दाबून तो चालू आहे का ते बघतो. चालू असला की हायसं वाटतं. मग तो दोनचार वेळा जोरात झटकला जातो, कुणी हेअर ड्रायर आणतं, कुणी तांदळाचा डबा उघडतं, आणि तासाभरात चार्जरही लागलेला असतो. यातली एकही गोष्ट त्या वेळी करायची नसते. पाण्यात पडलेले बरेचसे फोन या तासाभरातच जातात.

कारण कळलं की पुढचा क्रम पाठ करावा लागत नाही. नळाच्या पाण्यात क्षार असतात आणि क्षारांमुळे पाण्यातून वीज वाहते. फोनच्या आतल्या सर्किट बोर्डावरच्या अगदी जवळजवळच्या दोन टोकांमध्ये असं पाणी साचलं आणि फोन चालू असला, की वीज भलत्या वाटेने जाते, म्हणजेच शॉर्ट होतं. शिवाय त्याच विजेमुळे धातू विरघळू लागतो आणि टोकं गंजतात. बंद फोनमध्येही गंज चढतो, पण कितीतरी सावकाश. पाणी उडून गेलं तरी क्षार मात्र जागेवरच राहतात आणि दमट हवा लागली की पुन्हा ओल धरतात. म्हणून आधी वीज तोडायची, मग पाणी काढायचं, आणि गरज असेल तर शेवटी आतला थरही साफ करून घ्यायचा.

## आधी एक गोष्ट ठरवा: फोन हवाय की आतला डेटा?

फोन जुना आहे, गेला तरी चालेल, पण आतले फोटो दुसरीकडे कुठेच नाहीत, अशी स्थिती असेल तर घरी फक्त पहिले पाच टप्पे करा आणि फोन बंद ठेवूनच जाणकार दुरुस्तीवाल्याकडे न्या. 'एकदा चालू करून बघू' हा मोह इथे सगळ्यात महाग पडतो. हल्लीच्या फोनमधला डेटा कुलूपबंद स्वरूपात साठवलेला असतो आणि त्याची किल्ली त्याच बोर्डावरच्या चिपमध्ये असते. मेमरीची चिप सुटी काढून दुसरीकडे वाचता येत नाही. डेटा हवा असेल तर तोच बोर्ड निदान थोड्या वेळासाठी तरी जिवंत व्हावा लागतो.

## टप्पा १: बाहेर काढा, पण आधी प्लग बघा

फोन चार्जिंगला लावलेला असताना पाण्यात पडला असेल तर पाण्यात हात घालू नका. आधी भिंतीवरचं बटण बंद करा, चार्जर सॉकेटमधून काढा, मग फोनला हात लावा. स्विचबोर्डाजवळच पाणी असेल तर मेन स्विच बंद करा.

चार्जिंगला नसेल तर अर्थातच लगेच काढा. एका मिनिटाने आणि दहा मिनिटांनी काढलेल्या फोनमध्ये पुष्कळ फरक असतो.

इशारा: फोन गरम लागत असेल, फुगलेला दिसत असेल, सूं असा आवाज किंवा गोडसर रासायनिक वास येत असेल, तर बॅटरीला इजा झालेली आहे. असा फोन वाचवायच्या भानगडीत पडू नका. जवळ पेट घेणारं काही नाही अशा फरशीवर, शक्यतो घराबाहेर ठेवा आणि दूर व्हा.

## टप्पा २: बंद करा. पूर्ण बंद.

फोन आधीच बंद पडला असेल तर त्याला तसाच राहू द्या.

चालू असेल तर पडदा कोरड्या कपड्याने पुसा, कारण ओला पडदा स्पर्श नीट ओळखत नाही, भलतंच काहीतरी उघडतो. मग फोन स्विच ऑफ करा. पडदा काळा करणं म्हणजे बंद करणं नव्हे. आतलं जवळजवळ सगळं तेव्हाही चालू असतं.

इथे बरेच जण अडतात. अनेक नव्या फोनमध्ये बाजूचं बटण दाबून धरलं की बंद करण्याचा पर्यायच येत नाही, आवाजी सहायक उघडतो. अशा फोनमध्ये बाजूचं बटण आणि आवाजाचं बटण एकत्र दाबून धरावं लागतं, किंवा वरची पट्टी खाली ओढून त्यातलं पॉवरचं चिन्ह शोधावं लागतं. तुमच्या फोनची पद्धत कोणती, हे आत्ता फोन कोरडा असतानाच एकदा करून बघा. ओल्या हातांनी, घाबरलेल्या अवस्थेत ते सुचत नाही.

बटणं फार वेळ दाबून धरली की बरेच फोन बंद होऊन लगेच पुन्हा चालू होतात, म्हणून पडदा काळा झाल्यावर दोनतीन मिनिटं नजर ठेवा. पडदा मेलाय पण फोन आतून चालू आहे आणि बंद करता येत नाही, असंही होतं. मग बॅटरी संपायची वाट बघत बसू नका, तो थेट दुरुस्तीला न्या. उघडून बॅटरीचा कनेक्टर सोडवायला सरावलेल्या माणसाला काही मिनिटं पुरतात.

तपासा: पडदा काळा, थरथर नाही, दिवा नाही, पाठ गार. चारही ठीक असतील तरच पुढे जा.

## टप्पा ३: आधी पुसा, मग ट्रे काढा

या दोन गोष्टींचा क्रम लोक हमखास उलटा करतात. सिमच्या ट्रेभोवती रबराची बारीक कडी असते आणि कदाचित तिनेच पाणी बाहेर अडवून धरलेलं असतं. ओल्या फोनचा ट्रे ओढलात तर बाहेर थांबलेलं पाणी स्वतःच्या हाताने आत सोडता. फोन साध्या पाण्यात पडला नसेल तर ट्रे काढण्याआधी टप्पा ४ वाचा.

1. कव्हर काढा. कव्हर आणि पाठ यांच्यामध्ये बरंच पाणी असतं.
2. धागे न सुटणाऱ्या मऊ कपड्याने फोन सगळीकडून पुसा. कडा, बटणांच्या खाचा आणि कॅमेऱ्याची चौकट विसरू नका.
3. ट्रेची बाजू जमिनीकडे धरून ट्रे काढा. पिन घालताना छिद्र नीट बघा. शेजारचं तसंच दिसणारं भोक बऱ्याचदा मायक्रोफोनचं असतं.
4. सिम आणि मेमरी कार्ड पुसून बाजूला ठेवा.
5. पाठ उघडून बॅटरी काढता येणारा फोन असेल तर बॅटरी लगेच काढा. तुम्ही नशीबवान आहात, कारण वीज खऱ्या अर्थाने तोडणं तुमच्याच हातात आहे. बाकीच्या फोनमध्ये स्विच ऑफ केल्यावरही बॅटरी बोर्डाला जोडलेलीच राहते.

तपासा: ट्रेच्या खाचेत टॉर्चचा उजेड टाका. अनेक फोनमध्ये आत एक छोटा पांढरा किंवा चंदेरी ठिपका असतो. पाणी लागलं की तो लाल होतो आणि पुन्हा पांढरा होत नाही. लाल दिसला तर पाणी निदान तिथवर पोचलंय असं धरून चाला. पांढरा असला तरी निर्धास्त होऊ नका. पाण्याला स्पीकर आणि मायक्रोफोनच्या वाटाही माहीत असतात.

## टप्पा ४: कशात पडला, त्यावर ठरवा

साधं, स्वच्छ पाणी: धुवायची गरज नाही. पुढच्या टप्प्याकडे जा.

समुद्राचं पाणी, साबणाचं पाणी, चहा, सरबत, क्लोरीन घातलेलं तलावाचं पाणी: इथे द्रव वाळल्यावर मागे उरणारा थर जास्त घातक असतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. ते वाळलं की मीठ बोर्डावरच राहतं. फोन जलरोधक असेल, कुठे तडा नसेल आणि कधी उघडलेला नसेल, तर तो बंद अवस्थेत साध्या पाण्याखाली थोडा वेळ हलक्या धारेने विसळा. हे ट्रे काढायच्या आधी करायचं. आधीच काढला असेल तर रिकामा ट्रे नीट बसवून मग विसळा. जोराची धार सोडू नका.

फोन जलरोधक नसेल किंवा काच तडकलेली असेल तर घरी विसळू नका. बाहेरून ओलसर फडक्याने पुसा आणि त्याच दिवशी उघडून साफ करायला द्या. खाऱ्या पाण्यातल्या अशा फोनसाठी खालचा वाळवण्याचा टप्पा म्हणजे वेळ दवडणं आहे.

गटार, संडास: हातमोजे घाला. वाळवून झाल्यावर बाहेरून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या ओलसर फडक्याने पुसा.

'माझा फोन आयपी६८ आहे' हे वाक्य बऱ्याच जणांना बेफिकीर करतं. आयपी म्हणजे फोन धूळ आणि पाणी किती अडवतो याची ठरलेली श्रेणी. आयपी६७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं. आयपी६८ मध्ये यापेक्षा कडक कसोटी असते, पण खोली आणि वेळ कंपनी ठरवते. दोन्ही चाचण्या नव्या फोनवर, साध्या आणि स्थिर पाण्यात होतात. दोन वर्षं वापरलेल्या, चारदा पडलेल्या फोनचा चिकट सांधा तेवढा घट्ट राहिलेला नसतो. आणि वाफेने भरलेल्या न्हाणीघरासाठी हा आकडा नसतोच.

## टप्पा ५: पाणी निथळू द्या

चार्जिंगचं तोंड खाली करून फोन धरा आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यावर हलकेच आपटा. थेंब यायचे थांबले की फोन थोडा तिरका करा, मग दुसऱ्या बाजूने. कानाजवळचा स्पीकर खाली करून पुन्हा तेच. पाच मिनिटं पुरतात.

जोराने झटकू नका. त्याने पाणी बाहेर उडतं तेवढंच आतही सरकतं. तोंडाने फुंकू नका. दाबाच्या हवेचा डबाही नको. चार्जिंगच्या तोंडात कापसाची काडी किंवा गुंडाळलेला टिश्यू खुपसू नका. आत बारीक पिना असतात, एखादी वाकली किंवा कापसाचा धागा अडकला की पाण्याने न केलेलं नुकसान तुम्ही कराल. टिश्यूची कड नुसती तोंडाला टेकवा, पाणी तो स्वतःच ओढून घेतो.

स्पीकरमधून आवाज काढून पाणी बाहेर फेकणारे ॲप असतात. त्यासाठी फोन चालू लागतो, म्हणून आत्ता नाही. नंतर, फोन धडधाकट असून आवाज फक्त बसका येत असेल, तेव्हा वापरून बघा.

## टप्पा ६: वाळवा

टेबलावर कोरडा कपडा, त्यावर फोन, चार्जिंगचं तोंड खालच्या बाजूला कलतं, आणि समोर पंखा. गार हवा, सतत. हे दिसायला अगदीच साधं असतं आणि म्हणूनच लोकांचा त्यावर विश्वास बसत नाही.

किती वेळ? जलरोधक फोनचं फक्त चार्जिंगचं तोंड ओलं झालं असेल तर अर्ध्या तासापासून एका दिवसापर्यंत. पाणी आत गेल्याची शंका असेल तर निदान ४८ तास, आणि हवा दमट असेल तर ७२. आतले भाग एकमेकांवर चिकटून बसलेले असतात. त्यांच्या फटीतलं पाणी बाहेर यायला वाटच अरुंद असते.

सिलिका जेलच्या पुड्या असतील तर पहिले काही तास पंखा, मग फोन आणि पुड्या घट्ट झाकणाच्या डब्यात. डबा हवाबंद नसेल तर पुड्या खोलीतलाच दमटपणा शोषत बसतील. बुटांच्या खोक्यातली एकुलती पुडीही कामाची नाही. मूठभर तरी हव्यात, आणि कोरड्या हव्यात. रंग बदलणारे मणी निळ्याचे गुलाबी किंवा केशरीचे हिरवे झाले असतील तर त्यांचं पोट आधीच भरलंय.

आता तांदूळ. तांदळाचा दाणा सभोवतालच्या हवेइतकी ओल आधीच धरून बसलेला असतो, त्यामुळे फोनमधलं पाणी तो ओढून घेत नाही. उलट डब्यात गाडल्यामुळे वारा बंद होतो. वर तांदळाची भुकटी आणि स्टार्च चार्जिंगच्या तोंडात जाऊन ओलाव्याने चिकटतो. ॲपलनेही आपल्या सूचनांमध्ये तांदूळ वापरू नका असं लिहिलंय. मग 'माझा फोन तांदळाने वाचला' म्हणणारे इतके लोक कसे? दोन दिवस फोन बंद राहिला म्हणून तो वाचला, श्रेय मात्र तांदळाने घेतलं.

इशारा: हेअर ड्रायर, इस्त्री, भट्टी, मायक्रोवेव्ह, कडक ऊन, यातलं काहीही नको. उष्णतेने सांध्यांचा गोंद सुटतो, पडद्याचे थर बिघडतात, आणि लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. फ्रीजरही नको. गोठवल्याने पाणी जात नाही, आणि बाहेर काढल्यावर नवं दव जमतं.

दरम्यान: सिम वाळल्यावर दुसऱ्या फोनमध्ये घाला, म्हणजे ओटीपी आणि फोन अडणार नाहीत. दुसऱ्या यंत्रावरून आपल्या खात्यात शिरून फोटो आणि संपर्क तिथे पोचलेत का तेही बघून घ्या. सगळं सुरक्षित आहे असं दिसलं की पुढचे दोन दिवस धीर धरणं फार सोपं जातं.

## टप्पा ७: चालू करण्याआधीची पाहणी

1. कॅमेऱ्याची काच उजेडात तिरकी धरून बघा. आतून धुकं दिसतंय? अजून २४ तास. दमटपणा मोजायचं यापेक्षा प्रामाणिक साधन घरात सापडणार नाही.
2. चार्जिंगच्या तोंडात टॉर्च टाका. पांढरट किंवा हिरवट थर दिसला तर गंज सुरू झालाय. आता चालू करायचा नाही, उघडून साफ करायला द्यायचा.
3. फोन सपाट काचेवर उताणा ठेवून कडेला हलकं दाबा. कॅमेऱ्याचा उंचवटा सोडून तो एरवी डुलत नव्हता आणि आता डुलतोय, किंवा पडदा एका बाजूने उचललेला दिसतोय, तर बॅटरी फुगली आहे. थांबा.

## टप्पा ८: चालू करा, चार्जर न लावता

आधी नुसतं पॉवरचं बटण दाबा. चार्जर लावून सुरुवात करू नका. आत कुठे ओल उरली असेल तर चार्जरची वीज तिथेच घाव घालते. शिवाय काही फोन चार्जर लावताच आपोआप चालू होतात, मग तुम्हाला थांबवायची संधीही मिळत नाही.

चालू झाला तर आवाज, कॅमेरा, ठसा, काहीही तपासत बसू नका. आधी बॅकअप. फोटो, संपर्क, चॅट, आणि ओटीपी तयार करणारं ॲप असेल तर ते दुसऱ्या फोनवर हलवा. हे मी अनुभवाने सांगतो. माझा बादलीत पडलेला फोन दुसऱ्याच दिवशी ठणठणीत चालू झाला होता. मी अकरा दिवस तो मिरवला, बाराव्या दिवशी चार्जिंग बंद, तेराव्या दिवशी सगळंच. मधल्या अकरा दिवसांत बॅकअपला वीस मिनिटं मिळाली नव्हती, असं काही नव्हतं.

बॅकअप झाल्यावर मग तपासा: दोन्ही स्पीकर, मायक्रोफोन, पुढचा-मागचा कॅमेरा, थरथर, पडद्याचा प्रत्येक कोपरा, आणि फोन कानाला लावल्यावर पडदा काळा होतो का. शेवटी चार्जिंग, तेही साध्या, कमी ताकदीच्या चार्जरवर, डोळ्यांसमोर, कडक पृष्ठभागावर. 'ओलावा आढळला' असा संदेश आला तर 'तरीही चार्ज करा' हा पर्याय निवडू नका. तोंड पुन्हा वाळवा. बिनतारी चार्जिंग असेल तर पाठ कोरडी करून ते वापरता येतं, पण फक्त आत पाणी गेलं नसल्याची खात्री असेल तरच.

पॉवरचं बटण दाबूनही काहीच झालं नाही तर बॅटरी उतरली असण्याची शक्यता आहे. तोंड स्वच्छ आणि कोरडं असेल तर साधा चार्जर लावा आणि २० मिनिटं जवळ बसून राहा. गरम लागला की लगेच काढा. तरीही हालचाल नसेल तर बटणांच्या वेगवेगळ्या जोड्या दाबून बघू नका, दुरुस्तीकडे न्या.

पडदा काळा, पण फोन वाजतो किंवा थरथरतो, तर बातमी बरी आहे. बहुधा फक्त पडदा गेलाय आणि बोर्ड जिवंत आहे. पडदा बदलला की डेटा हाती येतो.

## टप्पा ९: दुरुस्तीवाल्याकडे

चारचौघात सांगायला ओशाळल्यासारखं वाटतं, पण खरं सांगा: कशात पडला, किती वेळ होता, नंतर चालू केला का, चार्जर लावला का. 'आपोआप बंद पडला' असं सांगितलंत तर तो भलतीकडे शोधत बसेल. ट्रेमधला लाल ठिपका तसंही सगळं सांगतोच.

विचारायचे प्रश्न मोजके आहेत. बोर्ड बाहेर काढणार का? त्यावरची पत्र्याची झाकणं उघडून खाली साफ करणार का? कशाने? योग्य उत्तर साधारण असं असतं: बॅटरी सोडवून, जवळजवळ शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने, किंवा अल्ट्रासोनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी साफ करणाऱ्या यंत्रात. 'गरम हवा मारून वाळवून देतो' असं उत्तर आलं तर फोन परत घ्या. क्षार तसेच आत राहतील.

डेटा हवा असेल तर फोन हातात देतानाच सांगा, जमलं तर लिहून द्या: रिसेट करायचं नाही, बोर्ड बदलायचा नाही. कंपनीच्या अधिकृत केंद्रात बऱ्याचदा बोर्ड किंवा अख्खा फोनच बदलून देतात. फोन उत्तम मिळतो, आतलं मात्र जुन्या बोर्डाबरोबर जातं. साध्या वॉरंटीत पाण्याचं नुकसान सहसा बसत नाही, पण वेगळा विमा घेतला असेल तर बाहेर कुठेही उघडण्याआधी त्याच्या अटी वाचा. परस्पर उघडलेल्या फोनचा दावा अडकू शकतो.

## पुढचे दोनतीन आठवडे

बॅटरी अचानक भराभर उतरू लागली, फोन पडून असताना कोमट लागला, चार्जर हलवल्यावरच चार्जिंग होऊ लागलं, तर आत गंज चालू आहे. या दिवसांत बॅकअप रोज होऊ द्या आणि फोन रात्रभर उशाशी चार्जिंगला लावून झोपू नका.

उघडून दुरुस्त झालेला फोन पहिल्यासारखा जलरोधक राहत नाही. परत घेताना सांध्याची नवी चिकट पट्टी बसवली का ते विचारा. बसवली असली तरी नव्या फोनचा आकडा आता त्याला लागू नाही, तेव्हा नळाखाली धुण्याचे दिवस संपले असं समजा.